रवांडातला झुलता पूल, आणि आपल्याकडचे रपटे

ओळंबा | ६ जुलै, रात्री ११.१२

पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांच्या धाग्यावर मी बोलण्याच्या ओघात लिहून गेलो की 'आम्ही रवांडात पूल बांधला होता'. त्यावर चौघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, सविस्तर लिहा म्हणून. लिहायला बसलो तर ते वाक्यच खोटं निघालं. आम्ही तिथे जेमतेम दोन आठवडे होतो. पाया, दगडी बांधकाम, अँकर, सगळं आम्ही किगालीच्या विमानतळावर उतरायच्या आधीच झालेलं होतं. तेव्हा धाग्याचं नाव जरा बदलून घेतलंय.

मी नागपूरचाच. व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो (आताचं व्हीएनआयटी, पण आमच्या तोंडून ते काही निघत नाही), पुढची सगळी वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये. २०१९ साली ज्या परदेशी कंपनीत होतो तिने पादचारी पूल बांधणाऱ्या एका संस्थेशी ठरवलं होतं: पुलाचा बराचसा खर्च कंपनीचा, आणि कामाला दहा माणसंही कंपनीची. मी हौसेने नाव दिलं. खरं सांगायचं तर सुट्टी आणि आफ्रिका दोन्ही पदरात पडत होते.

रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात. हजार कुणी मोजल्यात माहीत नाही, पण सपाट जागा मला तरी दिसली नाही. प्रत्येक टेकडीवर शेतं, घरं, केळी, आणि दोन टेकड्यांच्या मधे नदी नाहीतर ओढा. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे, आणि पुन्हा सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. आमच्या गावाजवळची नदी उन्हाळ्यात आपल्या कन्हानपेक्षाही किरकोळ दिसायची. पण वरच्या डोंगरात पाऊस पडला की तासाभरात छातीएवढं पाणी. आधी दोन ओंडके टाकलेले असायचे, ते दर पावसात वाहून जायचे. शाळा, बाजार आणि दवाखाना पलीकडे.

तिथे आजारी माणसाला न्यायला वेताची विणलेली डोली असते, इंगोब्यी म्हणतात. चार जण खांद्यावर घेतात. गावच्या आरोग्यसेविकेने ती दाखवली तेव्हा मला गडचिरोलीतून बाजेवर नेलेल्या बाळंतिणींच्या बातम्या आठवल्या. ती म्हणाली (दुभाष्यामार्फत), डोली जड नसते हो, नदीच्या काठावर थांबायचं जड असतं.

आता पुलाबद्दल. मनोरे नसलेला, खाली झोळ घेतलेला दोरखंडाचा पूल. दोन्ही काठांवर दगडी बांधकामाचे टप्पे आणि त्यांच्या मागे जमिनीत गाडलेला, दोर जखडून ठेवणारा काँक्रीटचा अँकर. पायाखालून जाड पोलादी दोर, हाताशी धरायला वर दोन दोर. वरच्या आणि खालच्या दोरांना जोडणाऱ्या उभ्या सळया, खाली आडव्या तुळया, त्यावर फळ्या आणि बाजूंना जाळी. गाळा (दोन टोकांमधलं अंतर) ६२ मीटर, झोळ (मधोमध दोर जेवढा खाली लोंबतो तो) गाळ्याच्या साधारण पाच टक्के, म्हणजे तीन मीटरच्या आसपास. दोर नवे नव्हते. बंदरातल्या क्रेनवर वापरून उतरवलेले. क्रेनचे नियम कडक, त्यामुळे ते लवकर बदलतात, आणि माणसांच्या वजनाला ते पुरून उरतात.

दगड गावानेच जमवला होता. बाया डोक्यावरून, पुरुष खांद्यावरून, रेती पोत्यांनी नदीतून. किती फेऱ्या झाल्या असतील ते ढीग बघून कळत होतं. काही दिवस मजुरी मिळाली, काही दिवस उमुगांडाचे. उमुगांडा म्हणजे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून सार्वजनिक काम करायचं. ते कायद्यानेच आहे, त्यामुळे त्याला स्वयंसेवा म्हणायचं का हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाही होता. पण लोक येत होते, कुदळी घेऊन, आणि गप्पा मारत काम करत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मुलखातल्या माणसाला श्रमदान काही नवीन नाही. आपल्याकडे फोटो निघाला की फावडं खाली ठेवतात, तेवढाच फरक.

एक प्रसंग सांगतो. दोर अँकरभोवती वळवून परत स्वतःवरच क्लिपांनी आवळतात. क्लिपला एका बाजूला 'यू' आकाराचा बोल्ट, दुसऱ्या बाजूला खोबणीचं खोगीर. खोगीर नेहमी भार घेणाऱ्या दोरावर बसलं पाहिजे, आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट बसलं तर बोल्ट नेमका भाराच्याच तारा चेपतो आणि पकड जाते. हे मी पुस्तकात वाचलेलं, ज्युनियरना शिकवलेलंसुद्धा. त्या दिवशी ऊन, हार्नेस, हातमोजे, घाम, आणि मी चौथी क्लिप उलटी लावली. शेजारच्या गवंड्याने काही न बोलता पान्याने त्या क्लिपवर टक-टक केलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत टक-टक. मी उघडून पुन्हा लावली. मग तो हसला. संध्याकाळी कळलं की त्याचा हा सातवा पूल होता. माझा पहिला. वीस वर्षं डिझाइन करून.

झोळ साधायचं काम भल्या सकाळी, कारण उन्हात पोलाद लांबतं. मी डंपी लेव्हलवर (पातळी बघायची दुर्बीण), पलीकडे हाताने ओढायच्या यंत्रावर दोघं. मी हात वर केला की एक झटका. दोन्ही बाजूंचे दोर एका पातळीत यायला अडीच तास गेले. तेवढं एक काम मी नीट केलं, असं म्हणायला हरकत नाही.

उद्घाटनाला अधिकारी, भाषणं, नाच, फीत, सगळं साग्रसंगीत. तिसरं भाषण चालू असताना एक माणूस केळ्यांचे चार घड लादलेली सायकल घेऊन आला, मंडपामागून वळला, सायकल वाकवून फितीखालून काढली आणि निघून गेला पलीकडे. बाजाराची वेळ झाली होती.

तुमच्यापैकी कुणी असं काही पाहिलं, केलं असेल तर लिहा.

बर्डीचा_बाप्पा | ७ जुलै, सकाळी ८.०३

गजब भाऊ, मस्त लिहिलं. पण राग नका येऊ देऊ, एक विचारतो. तुम्ही एवढ्या दूर जाऊन पूल बांधून राहिले, गडचिरोली काय चंद्रावर आहे काय? पर्लकोटा फुगली की भामरागड तुटते, हे आम्ही लहानपणापासून पेपरात वाचून राहिलो. अन् गडचिरोली तरी कायले? २३ सप्टेंबर २०२३ ले अंबाझरी तलाव भरून वाहिला तवा खुद्द नागपुरात माणसं बोटीनं काढली. नाग नदीले नदी म्हणाची आठवण त्या दिवशी आली लोकायले.

कोकणी_फणस | ७ जुलै, सकाळी ९.४१

धागा वाचून एक शब्द राहवेना: साकव. आमच्याकडे वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, घालतात तो. आधी पोफळीचे नाहीतर माडाचे ओंडके आणि वर फांद्या-माती, आता सरकारी काँक्रीटचे. आजी म्हणायची, साकव मोडला की दोन वाड्यांची भांडणं मिटतात, कारण कुणीच कुणाकडे जाऊ शकत नाही. विदर्भात याला काय म्हणतात?

बर्डीचा_बाप्पा | ७ जुलै, सकाळी ९.५५

रपटा. पण रपटा म्हणजे पाण्यातूनच जाणारा, पूर आला की तो खाली अन् पाणी वर. पुलाचं नाव, रस्त्याचं काम.

हिशेबनीस | ७ जुलै, दुपारी १.२०

छान लिहिलंय, पण कुणीतरी नाठाळ प्रश्न विचारायला हवा. दहा माणसांची येण्याजाण्याची विमानाची तिकिटं, राहणं, विमा. तेवढ्या पैशांत त्या सातव्या पुलाच्या गवंड्याला किती वर्षं पगार देता आला असता? स्वयंसेवेच्या नावाखाली ही सहल नव्हती का?

(पुलाच्या उपयोगाबद्दल मात्र शंका नाही. निकाराग्वात ब्रूक्स आणि डोनोव्हन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नदीमुळे तुटणाऱ्या खेड्यांचा अभ्यास केला, काही गावांना पूल मिळाले, काहींना नदीकाठच अनुकूल नसल्याने मिळाले नाहीत. पूल नसलेल्या गावांत पुराच्या काळात मजुरीचं उत्पन्न १८ टक्क्यांनी घटत होतं, पूल झालेल्या गावांत ही घट नाहीशी झाली. मला त्याहून रोचक वाटलं ते असं की शेतावरचा खर्चही वाढला. पुरातसुद्धा मजुरी मिळणार हे पक्कं झालं की माणूस शेतात जोखीम घेतो. हे आपल्याकडच्या कापूसवाल्याला वेगळं सांगायला नको.)

ओळंबा | ७ जुलै, रात्री १०.३०

हिशेबनीस, होती. सहलच होती थोडी. माझ्याजवळ याला सोज्वळ उत्तर नाही. एवढंच सांगतो की आमच्या तिकिटांचे पैसे 'प्रवास आणि संघबांधणी' या खात्यातून गेले, ते कुठल्याही गवंड्याकडे जाणारच नव्हते. आणि आम्ही गेलो म्हणून पुलाचा खर्च कंपनीने उचलला. तिकीट म्हणजे देणगीदाराला दाखवलेलं आमिष, असं म्हणा. आमिष आम्ही होतो.

या प्रकारच्या कामाची मोठी लाट ज्या फोटोतून आली ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. इथिओपियात निळ्या नाईलवर एक जुना दगडी पूल, मधली कमान तुटलेली. दोन्ही तुटक्या टोकांवर माणसं दोर धरून उभी, आणि मधे एक जण दोराला लटकून पलीकडे ओढला जातोय. तो फोटो एका अमेरिकन बांधकाम व्यावसायिकाने मासिकात पाहिला आणि २००१ मध्ये ब्रिजेस टू प्रॉस्पेरिटी ही संस्था काढली. पहिलं काम त्याच पुलाचं.

मला स्वतःला जास्त भावतो तो टोनी रुटिमान. स्विस पोरगा, १९८७ साली इक्वेडोरमध्ये भूकंप झाला तेव्हा शाळा संपवून नुकताच मोकळा झालेला, तसाच तिकडे गेला. इंजिनिअर नव्हता. पुढे आयुष्यभर तेच केलं, दक्षिण अमेरिकेत आणि मग कंबोडिया, म्यानमारकडे. स्वित्झर्लंडमधल्या रोपवेचे बदललेले दोर मागून आणायचे आणि गावाला कामाला लावायचं.

बाप्पा, तुमचा प्रश्न रास्त आहे. परवा उत्तर देतो, उद्या साइटवर आहे.

निवृत्त_उपअभियंता | ८ जुलै, सकाळी ६.१५

परवा कशाला, मी देतो. ३१ वर्षं सरकारी बांधकामात काढली, त्यातली ९ गडचिरोलीत.

जंगलातल्या नाल्यावर पूल म्हणजे आधी वनजमीन. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला की फाइल फिरते. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे: शाळा, अंगणवाडी, पाणी, रस्ते अशा ठरावीक गावसुविधांसाठी एक हेक्टरच्या आतली जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर स्थानिक पातळीवरच देता येते. हे कलम माझ्या खात्यात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मलाही सातव्या वर्षी कळलं, तेही एका गोंड पाटलाकडून. त्याने कागदच पुढे ठेवला.

दुसरं. आमच्या खात्यात पूल म्हणजे गाडी जाणारा पूल. पायी जाणाऱ्याच्या पुलाला शीर्ष (अंदाजपत्रकातलं खातं) नाही, शीर्ष नाही तर तरतूद नाही. 'आज माणसांचा बांधला तर उद्या गाडीचा मिळणार नाही' असं गावकरीही म्हणतात, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. त्या वाट बघण्यात वीस-वीस वर्षं जातात.

तिसरं, देखभाल. झुलत्या पुलाचं नाव काढलं की मला गुजरातेतलं मोरबी दिसतं. २६ ऑक्टोबर २०२२ ला दुरुस्ती करून उघडला, ३० तारखेला मच्छू नदीत. १३५ माणसं गेली. चौकशी पथकाने सांगितलं की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या. खालची फळी नवी, वरचा दोर जुनाच. ओळंबासाहेब, तुमच्या त्या पुलाचे दोर आता कोण बघतं?

पहाडवाट | ८ जुलै, सकाळी १०.०२

मी ट्रेकवाली आहे, इंजिनिअर नाही, पण देखभालीवरून नेपाळ आठवलं. तिथे असे पूल आता दहा हजारांच्या वर आहेत. स्विस लोकांनी कित्येक दशकं मदत केली, पण छोट्या गाळ्यांचे पूल गावच्या उपभोक्ता समितीनेच (पूल वापरणाऱ्यांच्या) बांधायचे असा शिरस्ता. एका पुलाच्या टोकाला चहाच्या टपरीत मी थांबले होते, तर टपरीवालीच्या खुंटीवर पाना टांगलेला. विचारलं तर म्हणाली, पुलाचा आहे. तिच्या नवऱ्याकडे नट आवळायचं काम होतं.

आणि हो, त्यावरून खेचरांचा तांडा येताना दिसला की तुम्ही काठावरच थांबायचं. मी एकदा थांबले नव्हते.

निवृत्त_उपअभियंता | ८ जुलै, सकाळी १०.४०

हाच मुद्दा. पाना कुणाच्या खुंटीवर आहे ते सांगा, मग पूल किती टिकेल ते मी सांगतो.

आपल्या देशातही माणूस आहे. कर्नाटकात सुळ्याचे गिरीश भारद्वाज, मेकॅनिकल इंजिनिअर. १९८९ साली अरंबूर गावच्या लोकांनी गळ घातली म्हणून पयस्विनी नदीवर पहिला झुलता पूल केला, मग शंभराहून जास्त. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

ओळंबा | ८ जुलै, रात्री ११.५०

साहेब, दंडवत. कलम ३(२) मला माहीत नव्हतं.

आमच्या पुलाचं: गावच्या पाच जणांच्या समितीला शिकवलं होतं. क्लिपा आवळणं, फळ्या बदलणं, अँकरजवळ माती साचू न देणं (माती ओल धरते आणि दोर तिथेच गंजतो, जिथे कुणाला दिसत नाही). मी २०२१ मध्ये तिथल्या साइट इंजिनिअरला विचारलं होतं, त्याने फोटो पाठवले. चार फळ्या नव्या दिसल्या, अँकर साफ. त्यानंतरचं मी विचारलेलं नाही. तुम्ही विचारल्यावर लाज वाटली, आज मेल टाकली आहे.

बाप्पा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की रवांडात मला कुणीतरी बोलावून, तिकीट काढून, हातात पाना दिला. इथे कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही.

बर्डीचा_बाप्पा | ९ जुलै, सकाळी ७.३०

हे आवडलं भाऊ. पाना माह्याकडं आहे, गॅरेज आहे आपलं. बोला.

शाळामास्तर | ११ जुलै, संध्याकाळी ६.४८

नेटवर्कसाठी टेकडीवर यावं लागतं म्हणून उशीर. मी भामरागडच्या पलीकडे एका गावात शिक्षक आहे, मूळचा उमरेडचा. गावाचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडे शाळा आणि गावाचा मोठा टोला (वस्ती) यांच्यामधे नाला. दिवाळीनंतर गावकरी बांबूचा पूल बांधतात, जून-जुलैत तो वाहून जातो, मग डोंगा (लाकडी होडी). सध्या डोंगा आहे. सहावीतली एक मुलगी रोज दप्तर डोक्यावर बांधून येते, डोंग्यात पाणी शिरतं म्हणून. पट ४१, काल हजेरी १३.

निवृत्त साहेबांना सांगायचं की पैशाची अडचण वाटते तेवढी नाही. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि तेंदूपत्त्याचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात. मागच्या सभेत पुलाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, आपण पैसे देऊ, पण नकाशा कोण देणार? मी गप्प बसलो, कारण मी भाषा शिकवतो. मग हा धागा सापडला.

ओळंबा | ११ जुलै, संध्याकाळी ७.०५

मास्तर, मी देतो. फुकट. निवृत्त साहेब तपासतील (साहेब, गृहीत धरतोय).

पण आधी काही गोष्टी कळवा. एक, काठापासून काठापर्यंत अंतर, दोरीने मोजलं तरी चालेल. दोन, काठ पाण्यापासून किती उंच. रवांडात काठ डोंगराचे होते म्हणून बिनमनोऱ्याचा, झोळाचा पूल जमला. तुमच्याकडे काठ सपाट असतील तर झोळ सरळ पाण्यात जाईल, मग मनोरे लागतील आणि खर्च वाढेल. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजवरचं सर्वांत मोठं पुराचं पाणी कुठवर आलं होतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण एकत्र नको, एकेकाला वेगळं न्या. चारचौघांत सगळे पाटलाचंच बोट धरतात.

निवृत्त_उपअभियंता | ११ जुलै, रात्री ८.२०

गृहीत धरा. पादचारी भार चौरस मीटरला ४०० किलो धरायचा, आणि जवळपास जत्रा भरत असेल तर ५००. मास्तर, जत्रा भरते का?

शाळामास्तर | १५ जुलै, संध्याकाळी ६.२०

जत्रा नाही, पण लग्नाची वरात जाते, ती जत्रेपेक्षा कमी नसते. ५०० धरा.

नायलॉनच्या दोरीने मोजलं. काठ ते काठ ४३ मीटर. शाळेकडचा काठ उंच आहे, टोल्याकडचा सपाट. आजचं पाणी शाळेकडच्या काठापासून अडीच मीटर खाली.

पुराच्या खुणेवरून मात्र घोळ आहे. तुम्ही सांगितल्यासारखं एकेकाला नेलं. टोल्याकडे नाल्यालगत मोहाचं मोठं झाड आहे. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजोबांनी खोडावर माझ्या कमरेएवढं बोट ठेवलं. आणखी दोघांनीही साधारण तेच. पण एक आजी म्हणते, ते खोटं, पाणी पहिल्या फांदीपर्यंत होतं. म्हणजे दीड मीटर वर. कोणती खूण धरू?

ओळंबा | १५ जुलै, संध्याकाळी ६.३१

आजींना कसं माहीत? त्या तिथे होत्या का?

शाळामास्तर | १५ जुलै, संध्याकाळी ६.४४

विचारायला पोरगं पाठवलं होतं, आत्ता आलं. त्या रात्री ती दुसऱ्या फांदीवर बसलेली होती. बकरीचं पिल्लू कडेवर. पाय पाण्यात होते म्हणते.

ओळंबा | १५ जुलै, संध्याकाळी ६.४६

आजींची खूण धरा. तिच्यावर आणखी मोकळी जागा ठेवू. टोल्याकडे मनोरा लागणार, शाळेकडे बहुतेक नाही. दोन्ही काठांवर मातीचे खड्डे घेऊन बघावे लागतील, त्याशिवाय अँकरची रेघसुद्धा ओढणार नाही. शनिवारी मी आणि निवृत्त साहेब निघतो, गाडी बाप्पाची. रस्ता चालू आहे ना?

शाळामास्तर | १७ जुलै, संध्याकाळी ५.५८

नाही. मधल्या रपट्यावर कालपासून पाणी आहे. उतरलं की कळवतो.